कँटनीज बोलपट: परमुलखात जन्मलेला सिनेमा

हाँगकाँगचा सिनेमा म्हटला की कुंग-फू आठवतो, आणि त्याची भाषा कँटनीजच, म्हणजे कँटन-हाँगकाँगकडची दक्षिण चिनी बोलीच, असणार असं आपण धरून चालतो. पण ब्रूस लीचा 1971चा 'द बिग बॉस' हाँगकाँगच्या थिएटरांत लागला तो मँडरिनमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या चिनी भाषेत. ली हाँगकाँगात वाढलेला, वडील कँटनीज संगीत नाटकातले नट, तरीसुद्धा. पुढच्या वर्षी तर कँटनीज चित्रपट निघणं जवळपास थांबलंच. ही वेळ का आली, हे कळायला मूकपटांच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

बीजिंगमधल्या एका फोटो स्टुडिओने 1905 साली पेकिंग ऑपेराचे नट तान शिनपेई यांचे काही प्रवेश चित्रित केले. चिनी चित्रपटाची सुरुवात तिथून मोजतात. हाँगकाँगात चित्रपटाला हात घातला तो लाय मान-वाय यांनी, 1913च्या सुमारास. कथा जुनीच: तत्त्वज्ञ च्वांगत्झ मेल्याचं सोंग घेऊन बायकोची परीक्षा बघतो. बायकोची भूमिका लाय यांनी स्वतःच केली, कारण नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. मात्र त्यांच्या पत्नी यिम शान-शान यांनी त्यात दासीचं काम केलं. चिनी पडद्यावर आलेली ती पहिली स्त्री मानली जाते. मला हे धाडस त्या चित्रपटापेक्षाही मोठं वाटतं.

लाय आणि त्यांच्या भावांनी 1923 साली हाँगकाँगात मिनशिन ही चित्रपट कंपनी काढली. पण 1925च्या जूनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध कँटन-हाँगकाँगचा प्रचंड संप सुरू झाला, तो वर्षभराहून जास्त चालला. शहराचे व्यवहार ठप्प झाले आणि मिनशिनने बस्तान शांघायला हलवलं.

शांघायचं वर्चस्व त्या काळात कुणाला खुपत नव्हतं. मूकपटातल्या पाट्या चिनी लिपीत असत आणि शांघायचा, कँटनचा, सिंगापूरचा साक्षर प्रेक्षक त्या आपापल्या बोलीत वाचून घेई. त्या काळातली लाडकी नटी र्वान लिंगयू हिचं घराणं मूळ ग्वांगडोंगचं, म्हणजे कँटन ज्यात येतं त्या दक्षिणेच्या प्रांतातलं, पण पडद्यावर तिचा उच्चार ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

आवाज आला आणि हे बिनसलं. पडद्यावरच्या माणसाने कोणत्या बोलीत बोलायचं? सरकारचं उत्तर ठरलेलं होतं: मँडरिन, म्हणजे राष्ट्रभाषा. दक्षिणेच्या प्रेक्षकाला मात्र स्वतःची भाषा ऐकायची होती. ही नड शांघायच्याच थियेनयी कंपनीने, म्हणजे पुढे नावारूपाला आलेल्या शॉ बंधूंनी, ओळखली. कँटनीज रंगभूमीचा गाजलेला नट सिट कोक-सिन याला घेऊन त्यांनी 1933 साली 'पांढरा सोनेरी ड्रॅगन' काढला. मूळ नाटक आधीच गाजलेलं होतं. चित्रपट दक्षिण चीनमध्ये, हाँगकाँगात आणि आग्नेय आशियात तुफान चालला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ सन जू यांच्या ग्रँडव्ह्यू कंपनीने दुसरा कँटनीज बोलपट काढला. म्हणजे पहिल्या दोन कँटनीज बोलपटांपैकी एक शांघायचा आणि एक अमेरिकेचा! दोन्ही कंपन्यांनी लवकरच हाँगकाँगात स्टुडिओ उभे केले.

नानजिंगच्या, म्हणजे चीनच्या केंद्र सरकारला हे रुचलं नाही. देश एक करायचा तर भाषा एक हवी, या भूमिकेतून त्यांनी बोलीभाषांतल्या चित्रपटांवर बंदी घालायचं ठरवलं. ग्वांगडोंग प्रांत जोवर चेन जीतांग या सेनानीच्या हाती होता, तोवर तिथे त्यांचं फार चाललं नाही. 1936 साली चेन पडले आणि बंदी दारात येऊन ठेपली. हाँगकाँगच्या निर्मात्यांनी मुदत मागितली, रदबदली केली. 1937च्या जुलैमध्ये जपानशी युद्ध पेटलं आणि बंदी मागे पडली. त्यातून शांघाय लढाईत सापडल्यावर बरेच कलावंत हाँगकाँगात आले, तेव्हा तिथला धंदा आणखी वाढला. हाँगकाँग ब्रिटिशांचं आणि प्रेक्षक मलाया, सिंगापूर, अमेरिकेपर्यंत पसरलेला. माझ्या मते हा सिनेमा तगला तो याच प्रेक्षकाच्या जिवावर.

1941च्या नाताळात हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडलं आणि निर्मिती बंद झाली. युद्धापूर्वीच्या शेकडो चित्रपटांपैकी आज थोडेच उरलेत.

युद्धानंतर मात्र कँटनीज चित्रपटांचा पूर आला. 1949 पासून क्वान तक-हिंग यांनी वाँग फेइ-हुंग या कुंग-फू वीराची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली. आग्नेय आशियातले वितरक नटांची नावं बघून आगाऊ पैसे देत, मग आठवड्यात चित्रपट उरकण्याची घाई सुरू होई. या उरकाउरकीला कंटाळून काही कलावंतांनी 1952 साली 'युनियन' ही स्वतःची संस्था काढली आणि बा जिन यांच्या कादंबरीवरून 'कुटुंब' केला. काम मनापासून केलेलं होतं, पण लाट थोपवायला ते पुरेसं नव्हतं.

दरम्यान शॉ बंधू मोठ्या भांडवलावर रंगीत, भव्य मँडरिन चित्रपट काढू लागले होते. 1967 साली टीव्हीबी हे हाँगकाँगचं टीव्ही केंद्र सुरू झालं आणि कँटनीज करमणूक घरबसल्या फुकट मिळू लागली. स्वस्तातले कृष्णधवल चित्रपट या दोघांपुढे टिकले नाहीत.

आणि मग 1973 साली त्याच शॉ कंपनीने, टीव्हीवरच्या चेहऱ्यांना घेऊन, चोर युएन यांच्या दिग्दर्शनाखाली एका गजबजलेल्या चाळीतल्या भाडेकरूंवरचा 'द हाऊस ऑफ 72 टेनंट्स' कँटनीजमध्ये काढला. हाँगकाँगात त्या वर्षी त्याचा गल्ला ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'पेक्षाही जास्त झाला. पुढच्या वर्षापासून मायकेल हुई यांचे कँटनीज विनोदी चित्रपट येऊ लागले.