कोल्हापुरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना: पात्रता, कागदपत्रं आणि लहान हाताला पेलणाऱ्या शस्त्राची निवड

आधी परवाना मिळू दे, मग दुकानात जाऊन काय घ्यायचं ते बघू, असा बहुतेकांचा हिशेब असतो. ज्यांचा पंजा लहान आहे किंवा मनगटात जोर कमी आहे, त्यांनी हा क्रम उलटा करावा. शस्त्र नियम २०१६ मधल्या 'नमुना ए-१' या अर्जातच कोणतं शस्त्र हवं आणि त्याची काडतुसं कोणती, हे लिहून द्यावं लागतं. अर्जात पिस्तूल लिहिलं, परवाना त्यावरच झाला आणि मग कळलं की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढताच येत नाही, तर प्रकार बदलून घ्यायला पुन्हा अर्ज आणि पुन्हा हेलपाटे. म्हणून आधी हात मोजा आणि मगच फॉर्म भरा.

अर्ज कोणाकडे, पात्र कोण

ज्या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे तिथे परवाना पोलीस आयुक्त देतात. कोल्हापुरात तसं आयुक्तालय नाही, त्यामुळे इथले परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी. तुम्ही शाहूपुरीत राहा नाहीतर चंदगडच्या टोकाला, फाइल शेवटी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयातच येते. अर्ज मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. अर्ज क्रमांक मिळाला की प्रिंट काढून, सही करून, कागदपत्रांसह या कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या शाखेत दाखल करायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची. पोहोच न घेता परत येऊ नका. पुढची सगळी विचारणा त्याच क्रमांकावर होते.

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी जामीनपत्र लिहून दिलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत तीच अडचण. मानसिक स्थिती ठीक नसलेल्या व्यक्तीला परवाना नाकारायचा, हे कायद्यातच आहे. मिळकत पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून मात्र परवाना नाकारता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी पुष्कळ जण 'आपल्याकडे कुठं एवढी जमीन' म्हणून अर्जच करत नाहीत.

फाइलचा खरा कणा म्हणजे गरज. धंदा, व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जिवाला वा मालमत्तेला खरोखर धोका आहे, हे दाखवावं लागतं. 'स्वसंरक्षणासाठी' एवढा एकच शब्द लिहिला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हुपरीच्या चांदी कारागिराने किंवा गुजरीतल्या सराफाने माल किती वेळा, कुठून कुठे न्यावा लागतो ते सांगावं. मळ्यातल्या एकट्या घरात राहणाऱ्या बाईने घर वस्तीपासून किती लांब आहे, रात्री घरात कोण असतं, पूर्वी चोरी किंवा धमकी झाली असल्यास तक्रार कधी दिली, हे तारखेसह लिहावं. एफआयआर किंवा तक्रारीची पोहोच जोडली की मजकुराला वजन येतं. शिरोळ-हातकणंगल्याच्या उसात डुकरं शिरतात, राधानगरी-भुदरगडकडे गवे पिकात उतरतात, पण ती गरज पीकसंरक्षणाची. तिचं कारण वेगळं आणि शस्त्रही वेगळं. दोन्ही एका अर्जात कालवू नका.

कागदपत्रं

नियमांप्रमाणे लागतात ती अशी: पांढऱ्या पार्श्वभूमीचे अलीकडचे चार पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा, 'एस-३' नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं 'एस-१' प्रमाणपत्र. शस्त्र घरात कुठे, कसं कुलूपबंद ठेवणार तेही अर्जात सांगावं लागतं. याशिवाय आयकर विवरणपत्रं, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, धंद्याची नोंदणी हेही मागितलं जातं. एक संच तयार ठेवलेला बरा.

इथे चुका ठरलेल्याच होतात. वैद्यकीय प्रमाणपत्रावर नुसतं 'फिट' लिहून चालत नाही. शारीरिक व मानसिक आरोग्य ठीक असल्याचं आणि अर्जदार दारू वा अमली पदार्थांच्या आहारी नसल्याचं स्पष्ट शब्दांत आलं पाहिजे. सीपीआर रुग्णालयात जाताना कोरा नमुनाच छापून न्या. दुसरी चूक पत्त्याची: आधारवर गावचा पत्ता, वीजबिल राजारामपुरीतलं आणि अर्जात तिसराच. पोलीस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावर होते. तिथे शेजाऱ्यांनी 'ते इथं राहत नाहीत' म्हटलं की अहवाल अडकला. तिसरी चूक सर्वांत महागात पडते. पूर्वी अर्ज नाकारला गेला होता का, घरात आणखी कुणाकडे परवाना आहे का, गुन्हा दाखल आहे का, या रकान्यांत काही लपवू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना नंतर रद्द होतो आणि पुढच्या अर्जाचीही वाट लागते.

आता हात

भारतात सामान्य माणसाला ९ मिमी पिस्तूल मिळत नाही. तो प्रतिबंधित बोर (नळीच्या आतलं माप) आहे. परदेशी व्हिडिओ बघून ठरवलेली निवड इथेच निकालात निघते. अर्जदारापुढे व्यवहारात उरतात तीन वाटा: .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर, .३२ बोरचं पिस्तूल आणि .२२ बोर.

बार उडताना शस्त्र हाताला मागे देतं तो झटका कशावर ठरतो? गोळीचं वजन व वेग एका बाजूला, शस्त्राचं वजन दुसऱ्या बाजूला. .३२ रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या काडतुसात गोळी साधारण ६.३ ग्रॅमची, .३२ पिस्तुलाच्या काडतुसात ४.६ ग्रॅमची आणि .२२ मध्ये २.६ ग्रॅमची. काडतूस तेच ठेवून शस्त्र हलकं केलं की हाताला बसणारा धक्का वाढतो. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून आणलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅमचं. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' ७०० ग्रॅमचं. दोन्ही .३२ चीच. म्हणजे एकाच काडतुसाने 'निर्भीक' धरलेल्या हाताला सुमारे ४० टक्के जास्त ऊर्जा परत येते. पर्समध्ये ठेवायला हलकं बरं, पण घरातल्या कपाटात राहणाऱ्या शस्त्राचं वजन हा दोष नाही, तो तुमचाच आधार आहे. घरासाठी म्हणून घेणाऱ्याने हलकेपणाला भुलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'निडर' हे २५० ग्रॅमचं, आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर झटक्याला सौम्य आहे, कारण ते .२२ बोरचं आहे. पण .२२ च्या काडतुसात ठिणगीचं मिश्रण कडेच्या रिंगणात भरलेलं असतं. अशा काडतुसात बार न उडण्याचं प्रमाण मधोमध टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त, आणि गोळीचा जोरही कमी.

दुसरं माप म्हणजे चापापर्यंतची (ट्रिगरपर्यंतची) पोच. शस्त्र रिकामं आहे हे दोनदा डोळ्यांनी बघून, नळी सुरक्षित दिशेला धरून मूठ अशी पकडा, की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. आता तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर मधोमध टेकली पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल, तर पोचायच्या नादात मूठ हातात फिरते, झटका तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि गोळी बाजूला जाते. हे पाच मिनिटांत कळतं. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (मागचा हॅमर) खाली असताना चाप पुढे असतो. घोडा चढवला की चाप मागे येतो आणि हलकाही होतो. म्हणून दुकानात घोडा चढवून 'बसतंय की हातात' म्हणू नका. अडचणीच्या वेळी घोडा चढवायला सवड नसते, आणि चढवलेल्या घोड्यावर थरथरता हात धोक्याचा. घोडा खाली ठेवून, नेम न हलता, सलग सहा वेळा चाप पूर्ण ओढता आला तरच ते शस्त्र तुमचं. कोरडा सराव, म्हणजे गोळी न उडवता नुसता चाप ओढणं, विक्रेत्याला विचारून आणि डमी काडतूस घालूनच करा. .२२ मध्ये डमीशिवाय सराव केला तर काडतुसावर आपटणारी पिन नळीच्या कडेवर आपटून झिजते.

पिस्तूल हाताला चपटं, पकडायला सोपं. अडचण स्लाइडची. .३२ ची छोटी पिस्तुलं बहुतेक साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. बार उडताना स्लाइड रोखायचं सगळं काम तिचं वजन आणि स्प्रिंगच करतात, म्हणून स्प्रिंग ताठ. बोटांच्या चिमटीत धरून ओढलं तर हलत नाही. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर, डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवर वरून, आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. स्लाइड मागे गेली की सोडून द्या, हाताने पुढे सोबत करू नका. अर्धवट बसलेली स्लाइड हे पिस्तूल अडकण्याचं नेहमीचं कारण, दुसरं ढिलं मनगट. सांधेदुखी असेल तर हा विषयच सोडून रिव्हॉल्व्हर घ्यावं. त्यात एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात, हीही आपल्याकडची एक सोय.

हे सगळं परवान्याआधी कसं तपासायचं? 'एस-१' साठीचं प्रशिक्षण हीच ती वेळ. तिथे शस्त्र हातात येतं, प्रशिक्षक शेजारी असतो. कोणाचं प्रमाणपत्र चालेल हे आधी शाखेत विचारून घ्या. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात नेमबाजी शिकवणाऱ्यांची वाण नाही.

घरात आजोबांची बारा बोरची बंदूक असेल तर नव्या अर्जाआधी तिचा विचार करा. परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा त्यांचं वय ७० झाल्यावर वा शस्त्र २५ वर्षं बाळगल्यावर, ते कायदेशीर वारसाच्या नावे मागता येतं. निधनानंतर इतर वारसांचं संमतीपत्र लागतं. मात्र बारा बोरचा धक्का लहान खांद्याला जबर बसतो, आणि वारसाहक्काचा मान वेगळा, पेलणं वेगळं.

पडताळणी, निर्णय, अपील

अर्ज तुमच्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथून अहवाल ३० दिवसांत यावा असा नियम आहे. बीट अंमलदार घरी येतात, जबाब घेतात, शेजाऱ्यांना विचारतात, गुन्हे अभिलेख तपासतात. कपाट कुठे, कुलूप कसलं, मुलं किती वयाची, हे प्रश्न येणारच. उत्तर अर्जातल्यासारखंच हवं. कागद पोलीस अधीक्षकांमार्फत वर जातो. अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकाऱ्याने निर्णय द्यायचा असतो. नाकारला तर कारणं लेखी मागा. आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं, आणि त्यासाठी कारणांची प्रतच लागते.

परवाना मिळाल्यावर यूआयएन (परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक), शस्त्राचा प्रकार, बोर, काडतुसांची संख्या आणि क्षेत्र काउंटरवरच वाचून घ्या. क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल तर कानपूरहून शस्त्र स्वतः आणण्याआधी वाहतुकीच्या परवानगीचं विचारा. खरेदीची मुदत परवान्यावर असते. खरेदीनंतर शस्त्र क्रमांकाची नोंद करून घ्यायची. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षं आहे आणि एका व्यक्तीला दोनच शस्त्रं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधी टाका. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र घरात ठेवणं हा गुन्हा आहे. अशा वेळी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. लग्नात, मिरवणुकीत बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घरात शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. किल्ली उशीखाली नको, मुलांना ती जागा पहिल्या दिवशी कळते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना ते स्वतः रिकामं करून दाखवा, आणि पावतीवर शस्त्र क्रमांक, काडतुसांची संख्या व तारीख लिहून घ्या. निकालानंतर परत घेताना तीच पावती लागते, आणि पावसाळा मध्ये गेला असेल तर घरी आणताच नळीला तेलाचा हात फिरवावा लागतो.