गोळीचा अडकित्ता आणि गोळीचा खलबत्ता

म्हापशाच्या किंवा मडगावच्या कुठल्याही फार्मसीत जाऊन ‘गोळी फोडायचं ते द्या’ म्हटलं, तर काउंटरवर दोनपैकी कोणतीही डबी येऊ शकते. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्ही मुठीत मावणाऱ्या, दोन्हींच्या वेष्टनावर गोळीचंच चित्र. एक पिल कटर, दुसरा पिल क्रशर. घोळ खरं तर आपल्या क्रियापदात आहे. नारळ फोडला की दोन भकलं हातात येतात, मडकं फोडलं की खापऱ्या. गोळीचं यांपैकी नेमकं काय करायचं आहे, ते दुकानदाराला ऐकू येत नाही.

कटर हा अडकित्त्याच्या जातीचा. त्याला पातं असतं आणि तो एकाचे दोन करतो. क्रशर खलबत्त्याच्या जातीचा. त्यात पातं नसतं, दाब आणि घासणं असतं, आणि शेवटी पूड उरते. डॉक्टरांनी अर्धी गोळी सांगितली असेल तर कटर घ्यायचा. गोळी पूर्ण द्यायची आहे, पण आजोबांना ती गिळता येत नाही किंवा नाकातून नळी घातली आहे, अशा वेळी क्रशर. अर्ध्या डोससाठी गोळी कुटून पुडीचे चमच्याने दोन भाग करणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. डोळ्यांनी केलेले पुडीचे दोन ढीग सारखे दिसतात, असतात क्वचितच.

आधी कटर, कारण चुका तिथेच जास्त होतात.

झाकण उघडलं की तळाला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खोबण दिसते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पातं. गोल गोळी खोबणीच्या टोकाकडे सरकवली की ती दोन्ही भिंतींना टेकते, त्यामुळे तिचा मध्य आपोआप खोबणीच्या मधल्या रेषेवर येतो. पातं त्याच रेषेवर उतरलं तर दोन तुकडे सारखे. म्हणून दुकानातच एक गोष्ट बघून घ्या. रिकाम्या कटरचं झाकण अगदी सावकाश मिटा आणि पातं खालच्या चिरेत मधोमध जातंय का ते पाहा. मग झाकण दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. बिजागरी डुगडुगत असेल तर पातं दर वेळी वेगळ्या जागी पडणार, मग पोलाद कितीही चांगलं असो. पात्याच्या धारेपेक्षा बिजागरी आधी तपासावी, असं आमचं मत आहे. खोबणीच्या भिंतींना रबराचं किंवा सिलिकोनचं अस्तर असेल तर उत्तम, नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवरून गोळी पातं टेकताच मागे सरकते.

गोळी ठेवताना तिच्यावरची मोडण्यासाठी कोरलेली रेघ वर आणि पात्याच्या दिशेत हवी. बोटं कोरडी असू द्या. झाकण हळू खाली आणा, पातं रेघेत टेकल्याचं बोटाला कळलं की तिथून एकाच दमात, ठामपणे दाबा. सुरीसारखं पुढे-मागे करायचं नाही. गोळी म्हणजे दाबून घट्ट केलेली भुकटी. धारदार पातं पाचरीसारखं तिच्यात शिरतं आणि तडा सरळ खाली जातो. पातं बोथट असेल किंवा दाब चुकतमाकत दिला तर तो पसरतो, तडा वाट मिळेल तिकडे धावतो आणि एक तुकडा चंद्रकोरीसारखा उरतो. कटर नवा होता तेव्हा तुकडे नीट पडत आणि आता डबीत रोज चुरा दिसतो, याचा अर्थ धार गेली. बहुतेक कटरमध्ये पातं बदलता येत नाही, नवा कटरच घ्यावा लागतो.

लांबट गोळीचं गणित वेगळं. ती खोबणीत आडवी ठेवावी लागते, म्हणजे दोन टोकं दोन भिंतींना आणि मध्य पात्याखाली. किंचित तिरकी झाली की एक तुकडा मोठा. घरात लांबट गोळ्याच जास्त येत असतील तर ज्यात त्यांच्यासाठी वेगळी सरळ खाच असते तसा कटर शोधा. पाच-सहा मिलिमीटरची बारीक गोळी उलट खोबणीच्या टोकात सैल पडते. तिथे टोक खोल आणि अरुंद असलेला कटरच कामाचा.

घरातला खरा अडकित्ता? सत्तरी-फोंड्याच्या बागायतीतल्या घरांत तो हाताशी असतोच आणि गोळीवर चालवलाही जातो. त्याचं पातं कमानीत फिरत खाली येतं आणि गोळीला धरायला खोबण नसते. सुपारी हाताने धरता येते, गोळी निसटते आणि अर्धी गोळी माजघरात शोधावी लागते. विळी आणि सुरी यांची हीच तऱ्हा, वर बोटाला धोका.

खोल रेघ असलेल्या, पोट फुगीर असलेल्या गोळीला मात्र कधी कधी कटर लागतच नाही. टेबलावर ती रेघ वर करून ठेवा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन अंगठ्यांनी एकदम दाबा. खालचा फुगवटा टेकू होतो, वरची रेघ ताणली जाते आणि गोळी तिथेच तडकते.

सारखे तुकडे म्हणजे किती सारखे, यालाही माप आहे. युरोपीय फार्माकोपिया म्हणजे तिथली औषधांच्या दर्जाची नियमावली. तिच्या चाचणीत रेघ असलेल्या ३० गोळ्या हाताने मोडतात आणि प्रत्येकीचा एकच तुकडा तोलतात. सरासरी वजनाच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या बाहेर एकाहून जास्त तुकडे गेले, किंवा एकही तुकडा ७५ ते १२५ टक्क्यांच्या बाहेर गेला, तर गोळी नापास. म्हणजे २०० मिलिग्रॅम वजनाची गोळी मोडली तर तुकडा साधारण ८५ ते ११५ मिलिग्रॅममध्ये बसायला हवा. (हे गोळीचं वजन. तिच्यातलं औषध ५ मिलिग्रॅमही असू शकतं, बाकी सगळा भराव.) घरी तपासायचं असेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर एकेक तुकडा तोलून उपयोग नाही, त्याची एकच पायरी १० मिलिग्रॅमची, म्हणजे अशा तुकड्याच्या वजनाच्या दहा टक्के. त्याऐवजी मुदत संपलेल्या, एकाच पत्त्यातल्या (स्ट्रिपमधल्या) दहा गोळ्या कापा, पात्याच्या डावीकडचे दहा तुकडे एकत्र तोला आणि उजवीकडचे दहा एकत्र. दोन आकड्यांत ठळक फरक आला तर कटरचं पातं मधोमध नाही. फरक आला नाही, पण तुकडे डोळ्यांना लहान-मोठे दिसतात, तर दोष ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

खऱ्या औषधाच्या गोळ्या मात्र महिन्याभराच्या एकदम कापून ठेवू नयेत. एक कापावी, एक तुकडा आज, दुसरा पुढच्या डोसला. एक तुकडा थोडा मोठा झालाच तर दुसरा तेवढाच लहान असतो आणि दोन डोसांत हिशेब जुळतो. पाव गोळी करणं टाळावं, अर्ध्याची चूक पुन्हा कापताना वाढते. अधिक चिन्हासारखी रेघ असेल तर गोष्ट वेगळी. आणि कापण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा: हीच गोळी कमी ताकदीत मिळते का? थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम अशा कितीतरी मापांत येते. इतक्या नाजूक मापाच्या औषधाला पातं लावण्यापेक्षा डॉक्टरांकडून योग्य मापाची चिठ्ठी घेतलेली बरी.

क्रशरचं काम सोपं. नेहमी दिसतो तो फिरकीचा: खाली वाटी, वर आटे असलेलं झाकण. एक गोळी टाका, झाकण आवळा, सैल करा, तळ टेबलावर आपटा, पुन्हा आवळा. असं दोन-तीनदा केलं की पूड बारीक होते, एकाच दमात आवळलं तर खडे राहतात. पूड वाटीच्या भिंतींना आणि आट्यांना चिकटते, म्हणून वाटीत १०-१५ मिलिलिटर पाणी फिरवून तेही प्यायला द्यावं. पूड चमचाभर पेजेत किंवा कुस्करलेल्या केळ्यात कालवावी, वाडगाभर पेजेत नाही, कारण अर्धी पेज उरली की अर्धं औषधही उरतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक औषधांना दूध-दही चालत नाही, तेव्हा कशात कालवायचं तेही विचारून घ्या. नळीतून द्यायचं असेल तर प्रत्येक औषध वेगळं कुटायचं, पाण्यात कालवायचं आणि आधी व नंतर पाण्याने नळी धुवायची. खडे राहिले तर नळी तुंबते.

आता खरी अडचण: जी गोळी कापायला चालते ती कुटायला चालेलच असं नाही. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटची गोळी घ्या, जिच्यातलं औषध दिवसभर हळूहळू सुटतं. तिच्या काही ब्रँडांत औषधाचे शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर स्वतःचं आवरण. अशी रेघ असलेली गोळी अर्धी केली तरी दाणे शाबूत राहतात. ती कुटली की आवरणं फुटतात आणि दिवसभराचं औषध तासाभरात रक्तात उतरतं. म्हणजे तिला अडकित्ता चालतो, खलबत्ता अजिबात नाही. दुसऱ्या कंपनीची त्याच नावाची गोळी वेगळ्या बांधणीची असू शकते, म्हणून रेघ आहे का आणि वेष्टनातल्या पत्रकात काय लिहिलंय, हे ब्रँड बदलला की पुन्हा वाचावं.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआरची मोठी पांढरी गोळी घशाखाली उतरत नाही म्हणून कुटली जाते. तीही मंद सुटणारी आहे, तिला कापणं-कुटणं दोन्ही टाळावं. गिळता येत नसेल तर साध्या मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांना विचारता येतं. पत्त्यावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर अशी अक्षरं, म्हणजे औषध मंद सुटत असल्याची खूण, दिसली की हात आवरावा. आम्लपित्तावरचं पँटोप्राझोल आणि आवरणाची ॲस्पिरिन यांचं कारण वेगळं: आवरण गोळीला पोटातल्या आम्लातून पार नेण्यासाठी असतं. कापलं की पँटोप्राझोल आम्लातच नासतं आणि ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराला झोंबतं. मेथोट्रेक्झेट आणि फिनास्टेराइड कुटू नयेत, कारण पूड हवेत उडते आणि ही औषधं गर्भाला घातक असतात; घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या तुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

बाजारात वर क्रशर, खाली कटर आणि मध्ये डबी अशी तिन्ही कामांची एकच वस्तू मिळते. प्रवासात सोयीची, पण आट्यांतून झडलेली एका औषधाची पूड कटरच्या खोबणीत बसते आणि दुसऱ्या औषधाला लागते. घरात दोन्ही कामं रोजची असतील तर दोन वेगळ्या वस्तू घ्याव्यात.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आपल्याकडची हवा तुकड्यांची शत्रू. कापलेल्या बाजूला आवरण नसतं, तिथून ओल शिरते. रक्तदाबाची टेल्मिसार्टन तर इतकी ओल ओढते की घेण्याच्या क्षणापर्यंत पत्त्यातून काढायचीच नसते. साधी ॲस्पिरिन ओलीत विघटते आणि व्हिनेगरसारखा वास येतो. असा वास आला तर तुकडा टाकून द्या. कटरमधली डबी हवाबंद नसते, उरलेला अर्धा तुकडा सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि पुढच्याच डोसला संपवा. कटर वापरल्यावर खोबणीतला चुरा कोरड्या ब्रशने झटका, पात्यावरून बोट फिरवू नका. धुतलाच तर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. समुद्राकाठच्या घरात स्वस्त पात्यावर गंजाचे ठिपके लवकर येतात, आणि गंजलेल्या पात्याने कापलेल्या गोळीच्या कडेवर तपकिरी रेघ उमटली की कटर बदलायचा.