ऑपरेशननंतरचा भ्रम: दोष भुलीचा की दाहाचा?

खुब्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरळायला लागतो, सलाईन उपटतो, पोटच्या लेकाला ओळखत नाही. धारणी असो की आर्वी, वॉर्डात नातेवाइकांचं निदान ठरलेलं: "भूल डोक्यात चढली." हा आरोप फार जुना आहे, आणि तो फक्त खेड्यातल्या लोकांनी केलेला नाही.

ईथरची भूल १८४६ साली बोस्टनला जाहीरपणे दाखवली गेली. पुढे १८८७ मध्ये लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातले जॉर्ज सॅव्हेज यांनी भुलीनंतर वेड लागलेल्या रुग्णांवर लेख लिहिला. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या बेडफर्ड यांनी शस्त्रक्रिया झालेल्या १,१९३ वृद्धांची माहिती तपासली. माणूस पहिल्यासारखा राहिला नाही, ही घरच्यांची तक्रार त्यांनी गांभीर्याने घेतली. त्यांचा संशय भुलीची औषधं, घसरलेला रक्तदाब आणि कमी पडलेला प्राणवायू यांच्यावर होता.

हा संशय चाळीसेक वर्षं टिकला. १९९८ मध्ये साठीपुढच्या १,२१८ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. आठवड्यानंतर २५.८ टक्के आणि तीन महिन्यांनी ९.९ टक्के रुग्णांची स्मृती आणि विचारशक्ती घटलेली आढळली. पण प्राणवायू आणि रक्तदाबाशी या घटीचा संबंध काही लागला नाही. कमरेत सुई देऊन केलेलं ऑपरेशन तरी डोक्याला सुरक्षित असेल, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. खुब्याच्या १,६०० रुग्णांवरच्या २०२१ च्या चाचणीत मात्र पूर्ण भूल आणि कमरेतली सुई, दोन्हींनंतर भ्रमाचं प्रमाण सुमारे २० टक्केच निघालं. म्हणजे सगळं खापर भुलीवर फोडता येत नाही.

मग बोट वळलं दाहाकडे, म्हणजे जखम झाली की शरीराची प्रतिकारशक्ती जी सूज-प्रतिक्रिया देते तिच्याकडे. २०१० च्या सुमारास उंदरांच्या नळीचं हाड मोडून जोडण्याचे प्रयोग झाले. जखमेमुळे रक्तात टीएनएफ, इंटरल्यूकिन यांसारखी दाहाची रसायनं वाढली, रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारा अडसर सैल पडला आणि प्रतिकारपेशी थेट हिप्पोकॅम्पसपर्यंत, स्मृतीच्या ठिकाणापर्यंत, पोचल्या. टीएनएफ आधीच रोखलं, तर उंदरांची आठवण बऱ्यापैकी शाबूत राहिली. माझ्या मते आपल्यासाठी यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की दाह ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होत नाही. हाड मोडतं त्या क्षणी सुरू होतो. मेळघाटातल्या पाड्यावर पडलेली आजी आधी हाड बसवणाऱ्याकडे जाते, मग पैशांची जुळवाजुळव होते, मग अमरावती. वेदना, ताप, न झालेली झोप, कमी प्यालेलं पाणी हे सगळं सोबत घेऊनच ती टेबलावर येते.

औषधांचा इतिहास मात्र निराशेचा आहे. दाह मारायला स्टेरॉइड हा सरळ उपाय वाटला. हृदयशस्त्रक्रियेच्या ७,५०७ रुग्णांवर २०१५ मध्ये चाचणी झाली. भ्रम घटला नाही. २०१६ मध्ये बीजिंगला अतिदक्षता विभागातल्या ७०० वृद्धांना डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाचा हलका डोस दिला, तेव्हा भ्रम २३ वरून ९ टक्क्यांवर आला. चार वर्षांनी हृदयाच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत हा फायदा दिसला नाही. उंदीर बरे होतात, माणसं अडून बसतात.

हाती लागलं ते बिनऔषधाचं. १९९९ मध्ये अमेरिकेत शेरॉन इनोये यांनी दवाखान्यात दाखल ८५२ वृद्धांवर (हे ऑपरेशनचे रुग्ण नव्हते) साधे उपाय करून पाहिले: चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी, पाणी वेळेवर, रात्री झोपमोड नाही, लवकर उठवून चालवणं, वार-तारीख सांगत राहणं. भ्रम १५ वरून ९.९ टक्क्यांवर आला. तिथे या कामाला स्वयंसेवक लागले. आपल्याकडे सून किंवा मुलगी खाटेखाली चटई टाकून बसलेलीच असते. चष्मा मात्र हरवू नये म्हणून घरीच ठेवून आलेले असतात. आणि झोपेची किंवा झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी रात्री स्वतःहून देऊ नये, अशा गोळ्यांनी भ्रम वाढतो, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एक अडचण उरते. ऑपरेशनआधी बुद्धी कशी होती हे नोंदलेलंच नसेल, तर नंतर काय घटलं ते कळणार कसं? पाश्चात्त्य चाचण्या लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी बनल्या. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये हिंदी चाचणी तयार झाली. त्याच धर्तीवर आपल्या आजीला तारखेऐवजी बाजाराचा वार, सण आणि शेतात सध्या काय उभं आहे ते विचारता येतं. भरती करतानाच विचारून केसपेपरवर लिहून ठेवायला पाच मिनिटं पुरतात.