आर्टेरिया लुसोरिया
महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या फांद्यांमधला हा एक जन्मजात फरक. उजव्या हाताला रक्त देणारी, गळपट्टीच्या हाडाखालची सबक्लेव्हियन धमनी एरवी कमानीच्या पहिल्या फांदीतून फुटते, इथे मात्र ती सगळ्यात शेवटी, डाव्या सबक्लेव्हियनच्याही नंतर निघते आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून आडवी उजवीकडे जाते. साधारण ०.५ ते २ टक्के लोकांत असते असं धरतात. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता नसतो, आणि आता टावीच्या (कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने, हृदयाचा व्हॉल्व्ह बदलणं) आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करतात त्यात ती अचानक सापडते.

पहिली नोंद कुणाची यावर एकमत नाही. शरीररचना म्हणून फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ ऊनो यांचं नाव १७३५ च्या आसपास येतं, पण गिळायच्या त्रासाशी संबंध जोडला तो लंडनच्या डॉक्टर बेफर्ड यांनी, १७६१ च्या एका बाईच्या केसवरून. त्यांच्या लेखाचं साल कुठे १७८७ तर कुठे १७९४ देतात, त्यामुळे १८व्या शतकाची अखेर म्हणणं सेफ.

गर्भात धमन्यांच्या कमानींच्या जोड्या असतात, त्यातली उजवी चौथी कमान आणि तिला लागून असलेला उजव्या पृष्ठीय (पाठीकडच्या) महाधमनीचा भाग विरून जातो, आणि खालचा भाग, जो खरं तर जायला हवा, तोच राहतो आणि त्यातूनच ही धमनी बनते. मुळाशी कधी फुगवटा असतो, जर्मन रेडिओलॉजिस्ट कोमेरेल यांनी तो १९३६ मध्ये जिवंत पेशंटच्या एक्सरेत ओळखला. काही जण तो वयामुळे आलेला फुगा मानतात, पण लहान मुलांतही दिसतो, म्हणून गर्भातला अवशेष हेच मत जास्त पटतं, नंतर भिंत कमजोर होऊन तो वाढत असावा.

व्हॉल्व्हच्या पेशंटमध्ये हे आधी कळलं तर फार बरं. उजव्या मनगटातून घातलेला कॅथेटर वर व्हॉल्व्हकडे वळायच्या ऐवजी खाली उतरत्या महाधमनीत घसरतो. ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेतून इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) प्रोब टाकला की मागची धमनी दाबली जाऊ शकते, उजव्या मनगटावरच्या लाइनचा (बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी) प्रेशर एकदम सपाट होतो आणि टीमला वाटतं बीपीच पडलं, म्हणून लाइन डाव्या हाताला घेतलेली चांगली. मेंदूला रक्त द्यायला उजव्या काखेतल्या धमनीत कॅन्युला (नळी) घालायची नेहमीची पद्धतही इथे चालत नाही, कारण ती धमनी उजव्या कॅरॉटिडला (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) जोडलेलीच नसते.

थायरॉईडच्या सर्जननेही लक्ष ठेवावं, स्वरयंत्राची उजवी नर्व्ह (मज्जातंतू) यात सहसा खाली वळसा न घेता सरळच आत शिरते.

त्रास नसेल तर काही करत नाहीत. फुगवटा मोठा असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, किती मोठा यावर सर्जनांमध्ये मतं वेगळी आहेत.