संत कॅथरीनचा सण: वगळला का, परत का आला?

अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचे नाव कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून १९६९ मध्ये वगळले गेले. तेव्हापासून ‘तिचे संतपद काढून घेतले’ असे बोलले जाते. ते चूक आहे. वगळला तो जगभर पाळायचा २५ नोव्हेंबरचा सण. तिची भक्ती करायला बंदी कधीच नव्हती.

सम्राटाच्या पन्नास पंडितांना वादात हरवणे, तिला मारण्यासाठी आणलेले चाक मोडणे, शेवटी शिरच्छेद ही या ख्रिस्ती तरुणीची कथा सर्वपरिचित आहे. अडचण पुराव्याची आहे. चौथ्या शतकात रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा इतिहास लिहिणाऱ्या समकालीन बिशपने अलेक्झांड्रियातल्या एका श्रीमंत, विद्वान स्त्रीबद्दल लिहिले आहे; पण तिचे नाव दिलेले नाही आणि तिला शिक्षा झाली ती हद्दपारीची. तिच्या नावाने ओळखला जाणारा इजिप्तमधल्या सिनाईचा मठ सहाव्या शतकातला, मात्र कॅथरीनचे नाव त्याला बऱ्याच नंतर मिळाले. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या रुआँला तिच्या अस्थी असल्याचे मानले जाऊ लागले आणि पश्चिम युरोपात तिची भक्ती फोफावली.

१९६९ मध्ये दिनदर्शिका सुधारणाऱ्यांचे म्हणणे असे, की तिची कथा तर दंतकथा आहेच, शिवाय ती स्वतः कोण होती हेही खात्रीने सांगता येत नाही. इतिहास म्हणून हे मान्य करावेच लागते. पण हाच काटेकोरपणा सर्वांना लावला गेला नाही. संत सेसिलियाच्या हौतात्म्याची कथाही दंतकथाच ठरली होती. तरी लोकांची भक्ती जुनी आणि खोल आहे म्हणून २२ नोव्हेंबरचा तिचा सण राखला. सेसिलियाच्या नावाचे रोममधले चर्च प्राचीन आहे, ही तिची जमेची बाजू खरी. पण भक्तीच मोजायची, तर कॅथरीनचे पारडे हलके कसे ठरले? पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर तिचा सण कधी सोडलाच नाही.

गोव्याशी तिचे नाते विजयाच्या तारखेमुळे जुळले. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्याच सणाच्या दिवशी, शहर जिंकले आणि तिच्या नावाने चॅपेल उभारले. १५३४ मध्ये त्याला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. आजच्या से कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. तिथल्या सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर तिच्या जीवनातले आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले आहेत. पोर्तुगीज वसाहतीच्या राजचिन्हातही तिचे चाक होते. तिची भक्ती इथे सत्तेबरोबर आली, हे विसरून चालणार नाही. पण पुढच्या पिढ्यांनी ती आपली मानली, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी २००० मध्ये तत्कालीन पोप सिनाईच्या मठात जाऊन आले आणि २००२ मध्ये २५ नोव्हेंबर दिनदर्शिकेत परतला, मात्र ऐच्छिक स्मरणदिन म्हणून. म्हणजे त्या दिवशी तिची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायची की नाही, हे धर्मगुरूने ठरवायचे. से कॅथेड्रलमध्ये तो प्रश्नच येत नाही: चर्च ज्या संताच्या नावाने असते, त्या संताचा सण तिथे महासण म्हणूनच पाळायचा असतो.