आडवा धरलेला मसूर

मार्चअखेरीस रात्री नऊ-दहाच्या सुमारास मघा नक्षत्राचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर येतो. हात लांब करून तिथून दक्षिणेकडे दोन मुठी मोजा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण गावाबाहेरचं काळोखं आकाश आणि सहा इंची दुर्बीण असेल तर एक राखाडी रेघ सापडते, मध्ये फुगीर, टोकांना निमुळती. हीच एनजीसी ३११५ दीर्घिका. विल्यम हर्शेलला ती १७८७ साली सापडली. चरख्याच्या चातीसारखी दिसते, म्हणून टोपणनाव 'स्पिंडल'.

ती भिंगाकार दीर्घिका आहे. 'लेन्स' हा शब्दच मुळात लॅटिनमधला मसूर! डब्यातला अख्खा मसूर घ्या आणि डोळ्यासमोर आडवा धरा, आकार तोच. आपल्याला ही दीर्घिका नेमकी कडेने दिसते. आकाशगंगेसारखी तबकडी तिला आहे, मात्र सर्पिल भुजा नाहीत. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९३६ साली असा प्रकार लंबगोल आणि सर्पिल दीर्घिकांच्या मधोमध बसवला.

भुजा का नाहीत? नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू इथे जवळपास संपला आहे. निळे, तापट तारे अल्पायुषी असतात. ते विझले आणि नवे आले नाहीत. उरले ते म्हातारे, पिवळट-तांबूस तारे. वायू संपतो कसा, याचं सरसकट उत्तर नाही: कुठे तो ताऱ्यांतच खर्ची पडतो, कुठे दीर्घिकांच्या टकरीत, कुठे गर्दीच्या समूहातून जाताना ओरबाडला जातो.

अंतर सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षं. आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊनच तीन कोटींहून जास्त वर्षं झाली होती.

खरी गंमत केंद्रात आहे. तिथले तारे इतक्या वेगाने पळतात, की दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. यावरून १९९२ साली तिथे महाकाय कृष्णविवर असल्याचं मांडलं गेलं. त्याचं वस्तुमान साधारण १०० कोटी सूर्यांएवढं. आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं जेमतेम ४० लाख. एवढं धूड, पण शांत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाच्या 'चंद्रा' क्ष-किरण दुर्बिणीने २०११ साली त्याच्याकडे ओढला जाणारा उष्ण वायू टिपला. कृष्णविवरापासून सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर त्या वायूचं तापमान चढायला लागतं. तिथून पुढे तो त्याच्या तावडीत.