काजळी गाळली जात नाही, चिकटते

बूम लिफ्टची, म्हणजे लांब यांत्रिक हातावर माणसाला उंच उचलणाऱ्या मशिनची, बास्केट उंचावर आहे, ऑपरेटर कामात गुंतलाय आणि इंजिन एकाएकी गप्प होतं. बॅटरीवरच्या आपत्कालीन पंपाने तो कसाबसा खाली येतो, टाकीत डोकावतो, तर तळाशी डिझेल हिंदकळतंय! मग निदान ठरलेलं: ‘डिझेलची पातळी मोजणारा सेन्सर गेला.’

बहुतेक वेळा सेन्सरनेच शहाणपणा केलेला असतो. कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनांत, डिझेलचा दाब १,६०० बारच्या घरात जातो आणि तो तयार करणाऱ्या पंपाला बहुधा डिझेलचंच वंगण मिळतं. टाकी कोरडी पडून लाइनने एअर घेतली, की पंपाचे भाग सुके घासतात. वर एअर काढत बसावं लागतं ते वेगळंच. म्हणून अनेक लिफ्टमध्ये थोडं डिझेल शिल्लक असतानाच कंट्रोलर इंजिन थांबवतो. एवढीच ती गोष्ट.

डिझेल कमी झाल्याचा दिवा हा पॅनेलवरचा एक. मला खरं कुतूहल आहे ते दुसऱ्या दिव्याचं, धुराच्या फिल्टरच्या. या फिल्टरला, म्हणजे डीपीएफला, लोक सर्रास ‘धुराची चाळणी’ म्हणतात. पण हिशेब करून बघा. फिल्टरच्या भिंतीतली छिद्रं साधारण १० ते २० मायक्रोमीटरची, काजळीचा कण ०.१ मायक्रोमीटरच्या आसपासचा. म्हणजे सताड उघड्या दारातून गोटी जावी इतकी मोकळीक! तरीही नव्वद टक्क्यांहून जास्त काजळी आत अडकते. कशी?

हा फिल्टर म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातली एक नळी पुढून बुजवलेली, शेजारची मागून. धूर उघड्या तोंडाने आत शिरतो, पुढे वाट नसते, म्हणून अर्ध्या मिलिमीटरहून पातळ भिंतीतून झिरपत शेजारच्या नळीत जातो. या झिरपण्यातच मजा आहे. वायूचे रेणू काजळीच्या कणाला सगळीकडून धक्के देत असतात. कण मोठा असेल तर धक्के एकमेकांना जवळपास फेडून टाकतात. इवल्या कणाला ते जमत नाही, म्हणून तो झिंगल्यासारखा भरकटतो. शाळेत शिकलेली ब्राउनियन गती ती हीच. भरकटताना भिंतीला टेकला की व्हॅन डर वाल्स बलांमुळे, म्हणजे रेणूरेणूंमधल्या क्षीण ओढीमुळे, तिथेच चिकटला. मोठ्या कणांची तऱ्हा उलटी: वायू वळतो, पण जडत्वामुळे त्यांना वळता येत नाही आणि ते भिंतीवर आपटतात. त्यामुळे निसटण्यात सर्वांत पटाईत ना सर्वांत बारीक कण, ना सर्वांत मोठे. मधलेच, ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे. आणि चिकटलेल्या काजळीचा थर पुढच्या काजळीला अडवतो, त्यामुळे नुकताच साफ झालेला फिल्टर काही काळ किंचित कमी पकडतो!

थर वाढला की इंजिनाचा श्वास कोंडतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक सेन्सरला कळतो. आता काजळी जाळायची. ऑक्सिजनच्या जोरावर ती जळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर २५० ते ४०० अंशांतही भागतं. राबणाऱ्या इंजिनात हे आपोआप होत राहतं. लिफ्टचं इंजिन मात्र तासन् तास नुसतं गुरगुरतं, त्याचा धूर तेवढा तापतच नाही. मग कंट्रोलर मुद्दाम जादा डिझेल सोडतो, ते प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर जळतं आणि फिल्टर भट्टीसारखा तापतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. उभ्या मशिनवर करायचं तर अर्धा तासही लागतो. त्याच्या अटी: बूम खाली, आसपास वाळलेलं गवत किंवा ताडपत्री नाही, आणि टाकीत पुरेसं डिझेल. डिझेल कमी असेल तर अनेक मशिन रीजनरेशन सुरूच करत नाहीत. दोन दिव्यांचं नातं हे असं आहे.

‘एक बाटली ओता, फिल्टर नव्यासारखा’ असं म्हणणारे विक्रेते आहेतच. काजळी कमी तापमानाला पेटवणारी रसायनं खरोखर असतात. पुजो या फ्रेंच कंपनीने २००० साली ‘६०७’ या मोटारीत सीरियम या धातूचा मिश्रक डिझेलमध्ये वापरला होता. पण फिल्टरमध्ये साचणारी इंजिन ऑइलमधल्या धातूंची राख कुठलीच बाटली जाळू शकत नाही, कारण ती आधीच जळून झालेली असते. फिल्टर काढून फेका असा सल्ला देणारेही भेटतात. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली पहिल्या गटात, म्हणजे खात्रीच्या कर्ककारकांत टाकलंय, हे त्यांना कुणी सांगत नसावं. राखेला नेहमीचा उपाय असा. फिल्टर खोलायचा आणि खास यंत्राच्या हवेने उलट्या बाजूने झोत मारून ती बाहेर काढायची.